भिंतीवरचं सर्टिफिकेट आणि दहा लाखांचा चेक

पत्र असं आहे:

“मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार मानेवाडा रोड, नागपूर. यजमानांच्या मावसभावाच्या मुलाचं लक्ष्मीनगरात शेअरचं ऑफिस आहे. भिंतीवर सेबीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. त्याच्यामार्फत मी डीमॅट खातं उघडलं, त्यात साधारण सात लाखांचे शेअर आहेत. पुढे त्याच्या फर्मच्या नावाने दहा लाखांचा चेक दिला. महिन्याला तीन टक्के देईन, असं त्याने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. चौदा महिने तीस हजार वेळेवर आले, दिवाळीपासून बंद. आता म्हणतो, ‘काकू, सेबीचं ऑडिट लागलंय, पैसे तिकडे अडकलेत, दोन लाख मार्जिन भरा, सगळे सुटतील.’ यजमान म्हणतात, पोट्टा घरचा आहे, तक्रार केली तर उरलेलंही बुडेल. मला वाटतं, सेबीकडे नोंद असलेल्या माणसाने पैसे घेतले तर जबाबदारी सेबीचीच ना? माझ्या शब्दावर भजनी मंडळातल्या दोघींनीही त्याच्याकडे पैसे ठेवलेत. प्रत्येकीमागे त्याने मला दोन हजार दिले होते. रात्री झोप लागत नाही.”

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी ते दोन लाख. देऊ नका. आजही नाही, अर्धेही नाही, दागिने मोडून तर मुळीच नाही. सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, ब्रोकरांची तपासणी करते, चौकशी करते, बंदी घालते, हे सगळं खरं. पण गुंतवणूकदाराने आणखी पैसे भरले की त्याचे अडकलेले पैसे सुटतात, अशी कुठलीही पद्धत सेबीकडे नाही. सेबीने खरंच कुणावर कारवाई केली तर तो आदेश नावानिशी तिच्या संकेतस्थळावर लागतो, कुणालाही वाचता येतो. पुतण्याला एवढंच विचारा: आदेश कुठल्या तारखेचा, आणि कुणाच्या नावाने? आणि मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, म्हणाल तर ते तुमच्या स्वतःच्या ट्रेडिंग खात्यातल्या सौद्यासाठी लागतं. तुमच्या बँकेतून थेट ब्रोकरच्या ग्राहकांसाठीच्या खात्यात जातं. पुतण्याच्या फर्ममध्ये ते भरायचं कारणच नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे पैसे आहेत. दोन्ही व्यवहार त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीत बसून, त्याच माणसाशी झाले, म्हणून तुम्हाला ते एकच वाटतात. सात लाख बाजारात गेले. दहा लाख गेलेच नाहीत, निदान तुमच्या नावाने तरी नाहीत. तुमचे बाकीचे सगळे प्रश्न इथूनच सुटतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सेबी १२ एप्रिल १९८८ ला स्थापन झाली, पण तेव्हा तिच्या हाती कायदा नव्हता. १९९२ च्या जानेवारीत अध्यादेशाने आणि मग सेबी कायद्याने अधिकार आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण फुटलं, तेव्हा या नव्या संस्थेची गरज कुणाला वेगळी समजावून सांगावी लागली नाही. आज ती नियम करते, दफ्तरं तपासते, दंड करते, बाजारातून बाहेर काढते, बँक खाती गोठवते, गैरमार्गाने कमावलेला नफा ओकायला लावते. तिचा आदेश मान्य नसेल तर मुंबईतल्या सॅट या अपिलीय न्यायाधिकरणाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात जाता येतं.

पण सेबी तुमचे पैसे हातात घेत नाही. तिच्या देखरेखीखाली एक साखळी आहे. एनएसई-बीएसईसारखे शेअर बाजार, सौदे पुरे करणाऱ्या क्लिअरिंग संस्था, शेअर जपणाऱ्या एनएसडीएल आणि सीडीएसएल या डिपॉझिटरी, त्यांच्या खाली ब्रोकर, आणि ब्रोकरच्या खाली तुमच्या पुतण्यासारखे लोक. आपल्या कळमना मार्केटात वजनमापाचा इन्स्पेक्टर काटा तपासतो. संत्र्याला भाव किती येईल याची तो हमी देत नाही, आणि फाटकाबाहेर तुम्ही कुणाला ओळखीवर उधार माल दिलात तर तो तिथे येतही नाही. सेबीचं तसंच आहे. शेअर पडला तर ती भरपाई देत नाही. काटा मारला तर येते. आणि तुमचे दहा लाख फाटकाबाहेर दिले गेले.

आता त्या फ्रेमकडे वळू. तुमचा पुतण्या बहुधा ‘ऑथराइज्ड पर्सन’ असावा, ज्याला ऑफिसात एपी म्हणतात. एपीची नेमणूक ब्रोकर करतो आणि मंजुरी शेअर बाजार देतो. सेबीचं स्वतःचं नोंदणीपत्र त्याला मिळत नाही. सब-ब्रोकर नावाचा जो जुना प्रकार होता, ज्यांना सेबीचं सर्टिफिकेट मिळायचं, तो ३१ मार्च २०१९ नंतर बंद झाला. म्हणून पुढच्या वेळी चष्मा लावून फ्रेम वाचा. नाव कुणाचं आहे? आयएनझेडने सुरू होणारा नंबर असेल तर ती नोंदणी ब्रोकर कंपनीची, त्याची नव्हे. सब-ब्रोकरचं जुनं प्रमाणपत्र असेल तर ते आता भिंतीची शोभा. म्युच्युअल फंड वितरकाचा एआरएन नंबर असेल तर तो फंड विकण्यापुरता. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर एपींची यादी नावाने शोधता येते, तिथे तो आहे का ते पाहा.

आणि समजा, तो यादीत आहे. तरी फरक पडत नाही, कारण नियम स्पष्ट आहे: एपीने ग्राहकाचे पैसे किंवा शेअर स्वतःच्या नावावर घ्यायचेच नाहीत. व्यवहार ग्राहक आणि ब्रोकर यांच्यात थेट. ठरावीक परताव्याची हमी द्यायलाही ब्रोकरला, त्याच्या एपीला, कुणालाच परवानगी नाही. म्हणजे नोंदणी खरी असली तरी तुमच्याशी केलेला तो तीन टक्क्यांचा करार त्या नोंदणीत बसत नाही. उलट तो नोंदणी रद्द व्हायला पुरेसा आहे.

महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. बँकेत सातच्या आसपास मिळत असताना हा छत्तीस कुठून आणणार होता? “ऑप्शनमधून” असं तो म्हणाला असेल, सगळे तेच म्हणतात. सेबीच्याच अभ्यासात २०२४-२५ या वर्षात एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९१ टक्के तोट्यात गेलेले दिसले. तुम्हाला मिळालेले चार लाख वीस हजार हे तुमच्याच दहा लाखांतले, किंवा तुमच्या मंडळातल्या मैत्रिणींचे असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

सात लाखांकडे मात्र आजच बघायला हवं, कारण ते वाचवता येण्यासारखे आहेत. डीमॅटमधले शेअर पुतण्याकडे नसतात, ब्रोकरच्या तिजोरीतही नसतात. ते डिपॉझिटरीत तुमच्या नावाने असतात. तेव्हा त्याने छापून दिलेल्या कागदावर किंवा मोबाइलवर दाखवलेल्या आकड्यावर जाऊ नका. एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून पॅनवर येणारं एकत्रित स्टेटमेंट, ज्याला कॅस म्हणतात, ते मागवा. त्यात किती शेअर आहेत ते पाहाच, पण एखाद्या शेअरपुढे ‘प्लेज’ लिहिलंय का तेही पाहा. प्लेज म्हणजे गहाण. २०१९ मध्ये कार्वी या मोठ्या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या खात्यात वळवून त्यांवर कर्ज उचलल्याचं उघड झालं. सेबीने नोव्हेंबरमध्ये आदेश काढला, त्यानंतर ऐंशी हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत आले. पुढच्या वर्षी नियमच बदलला. आता शेअर गहाण ठेवायचा तर तो तुमच्याच डीमॅटमध्ये राहतो आणि तुमच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीशिवाय गहाण पडत नाही.

तुमच्या मोबाइलवर. खरी मेख इथे आहे. खातं उघडताना फॉर्म त्याने भरला असेल, तर मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा टाकलाय? शेअर बाजार आणि डिपॉझिटरी प्रत्येक सौद्याचा एसएमएस पाठवतात, ब्रोकर चोवीस तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, पाठवतो. गेल्या दीड वर्षात तुम्हाला असं काहीच आलं नसेल तर ते दुसऱ्या कुणाच्या फोनवर जात असणार. ‘काकू, तुम्हाला त्रास नको म्हणून माझाच नंबर टाकला’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मला ते प्रेमाचं वाटत नाही.

म्हणून त्याला न विचारता, न कळवता, ब्रोकर कंपनीच्या स्वतःच्या शाखेत जा किंवा त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करा. मोबाइल, ईमेल बदलून घ्या. पासवर्ड बदला. डीडीपीआय (तुमचे शेअर विकताना काढायची किंवा गहाण ठेवायची ब्रोकरला दिलेली लेखी परवानगी) किंवा जुनी पॉवर ऑफ अॅटर्नी दिली असेल तर रद्द करायचा अर्ज द्या. ऑनलाइन ट्रेडिंग देणाऱ्या ब्रोकरांना जुलै २०२४ पासून ग्राहकाने सांगितलं की ट्रेडिंग खातं तात्पुरतं बंद करायची सोय द्यावी लागते, तीही वापरा. डीमॅट गोठवायचा वेगळा अर्ज असतो, तो दिलात की तुमच्याशिवाय शेअर बाहेर जाणार नाहीत. आणि खातं उघडल्यापासूनच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट आणि लेजर, म्हणजे खात्याचा हिशेब, मागून घ्या. त्यात तुम्ही न सांगितलेले सौदे दिसले, तर ती तक्रार मात्र पूर्णपणे सेबीच्या फाटकाच्या आतली आहे.

त्या तक्रारीचा रस्ता असा. आधी ब्रोकरकडे लेखी. समाधान झालं नाही तर सेबीचं स्कोअर्स हे तक्रार पोर्टल. तिथे ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर पंधरा दिवसांच्या आत फेरतपासणी मागायची, ती आधी शेअर बाजार पाहतो आणि नंतर सेबी. त्यानेही भागलं नाही तर स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन व्यवस्थेत आधी समेट आणि मग लवाद. स्कोअर्सवर तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत करायची असते, तेव्हा “होळीनंतर बघू” असं करू नका. मराठीत विचारायचं असेल तर सेबीची टोल-फ्री लाइन आहे: १८०० २६६ ७५७५.

दहा लाखांचं मी गोड करून सांगत नाही. हमखास परताव्याच्या योजनेत पैसे दिलेत तर आमची तक्रार व्यवस्था, लवाद, गुंतवणूकदार संरक्षण निधी, काहीच मिळणार नाही, असं शेअर बाजार जाहीर सूचनांतून पुन्हा पुन्हा सांगत आलाय. ब्रोकर म्हणेल, हा तुमचा घरगुती व्यवहार. तरी त्याला लेखी कळवाच. आपल्या एपीच्या कृत्यांना ब्रोकर जबाबदार असतो, असं नियम म्हणतो, आणि ब्रोकरचं “आमचा संबंध नाही” हे उत्तरही कागदावर असलेलं बरं. शिवाय त्या ऑफिसात उद्या आणखी कुणी चेक घेऊन बसणार आहे, हेही आहेच.

पैशासाठी मात्र दरवाजा वेगळा आहे: नागपूर पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा आणि १९९९ चा एमपीआयडी कायदा, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा. या कायद्यात पैसे घेणाऱ्याची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना देता येते, आणि नागपुरात त्याचं विशेष न्यायालय आहे. नागपूरकरांना हा कायदा समजावून सांगावा लागू नये. २०१३-१४ मध्ये श्रीसूर्या आणि वासनकर या नागपुरातल्या गुंतवणूक कंपन्यांची प्रकरणं याच कायद्याखाली गेली. तिथेही ठेवीदार बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे, पेन्शनीत निघालेले. तुमचा व्यवहार या कायद्यात नीट बसतो का, हे फौजदारी वकिलाला स्टॅम्पपेपर दाखवून विचारा. त्याने हमी म्हणून चेक दिलेला असेल आणि त्याची तीन महिन्यांची मुदत संपायची असेल तर तो बँकेत टाका. परत आला तर बँकेचं कळल्यापासून तीस दिवसांत वकिलाची नोटीस जायला हवी. ती मुदत हुकली की तो मार्ग फार अवघड होतो.

वेळ लागेल. सेबीने २०१४ मध्ये जमिनीच्या नावावर लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीला लोकांचे पैसे परत करायला सांगितलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली, आणि जमिनी विकून पैसे वाटायचं काम त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं. आपल्याच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घ्यायला दलालांना शंभर कोटींहून अधिक दिले आणि रोखे आलेच नाहीत, हे २००२ मध्ये बाहेर आलं. निकाल डिसेंबर २०२३ ला लागला. सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतले, तो विषय वेगळा. पण ज्या बँकेत मॅनेजर होते, ऑडिटर होते, तीही ‘रोखे घेतलेत’ या शब्दावर थांबली आणि ते स्वतःच्या खात्यात आलेत का हे कुणी वेळेवर पाहिलं नाही. तेव्हा तुम्ही स्वतःला अडाणी म्हणू नका. पत्रात तुम्ही तो शब्द वापरला नाहीत, पण तो ओळींमधून दिसतोय.

यजमानांना वाटतं, तक्रार केली तर उरलेलं बुडेल. त्यांची भीती मला कळते, नातं त्यांच्या बाजूचं आहे, उद्या लग्नाकार्यात त्याच मावसभावासमोर बसायचंय. पण तक्रार न करून दिवाळीपासून काय मिळालं? त्याच्याकडे खरंच काही उरलं असेल तर ते रोज कुणाला तरी दिलं जातंय, आणि ते जास्त आरडाओरडा करणाऱ्याला मिळतंय. तुम्ही दोघं मिळून त्याच्या वडिलांशी एकदा बोला, त्यात वाईट काही नाही. पण तोवर कशावरही सही करू नका. विशेषतः तो म्हणेल, “काकू, तो कागद फाडू, साधे हातउसने म्हणून लिहू.” तसं लिहिलंत की ही ठेव नव्हतीच, तुमच्यातलं खासगी कर्ज होतं, असं म्हणायला त्याला जागा मिळते आणि एमपीआयडीचा दरवाजा अवघड होऊ शकतो. काही रक्कम परत देत असेल तर घ्या, फक्त बँकेतून घ्या, आणि ‘पूर्ण हिशेब मिटला’ अशी पावती देऊ नका.

आता मंडळातल्या दोघी. त्यांना आजच सांगा, तुमची तक्रार तयार होईपर्यंत थांबू नका. त्यांच्याकडेही तो ‘मार्जिन’ मागत असणार, आणि त्यातली एखादी भरूनही बसेल. त्यांच्या रागाला तयार राहा, तो त्यांचा हक्क आहे. ते चार हजार रुपये मात्र लपवू नका. वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, कुठल्या तारखेला, रोख की खात्यात. लोक आणून देण्याबद्दल पैसे घेतले, एवढ्यावरून तुम्हाला त्याची एजंट ठरवायला कुणी बसलं, तर ते तुमच्या तोंडून आधी आलेलं असणं आणि चौकशीत नंतर सापडणं, यात फार अंतर आहे. जमलं तर ती रक्कम त्या दोघींना परत करा, तीही बँकेतून.

तिघींनी मिळून एकच तक्रार दिलीत तर जास्त चांगलं. तुमच्यासारखे आणखी किती आहेत हे पोलिसांना पहिल्या दिवशीच कळतं. सोबत चेकची नोंद असलेलं पासबुक, स्टॅम्पपेपरची प्रत (मूळ कागद कुणालाही देऊ नका), चौदा महिन्यांच्या जमा रकमा आणि त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज छापून न्या. दोन लाख मागितलेला मेसेज सगळ्यात वर ठेवा.